खाऱ्या पाण्याचं इंजन

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं अंगणात उकिडवं बसून पितळी टाकीखाली जाळ घालायचा आणि चाक फिरलं की एकटंच हसायचं, याला काय म्हणावं? रुक्मिणीबाई याला निर्लज्जपणा म्हणत. म्हणत म्हणजे, गोडादऱ्याच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

"बावीस वर्षं मिलची भट्टी फुंकली, तेवढ्यानं पोट भरलं नही का? आते घरातही भट्टी!"

त्यांचे मालक सुकलाल निमूट ऐकून घेत. ते सचिन गावातल्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. कोळशाचा बॉयलर गेला, गॅसचा आला, आणि बटणं दाबायला सर्टिफिकेटवाला माणूस आला. सुकलालांकडे चौथीचा दाखला, तोही गावी कुठल्याशा पेटीत.

मग उधन्याला एका ट्रस्टच्या क्लासमध्ये बॉयलरचं काम शिकवायला माणूस पाहिजे, असं कळलं. ट्रस्टी म्हणाले, "काका, कागद नाही तर काहीतरी करून दाखवा." सुकलालांनी ते मनावर घेतलं. जुन्या स्टोव्हच्या टाकीचा बॉयलर केला, सायकलच्या पंपाचं सिलिंडर केलं, शिलाई मशीनचं चाक बसवलं. चाकाला पट्टा, पट्ट्यावर पाण्याचा वीतभर पंप. वाफ चढली की खालच्या बादलीतलं पाणी सुतासारख्या धारेनं वरच्या घमेल्यात पडायचं. हेच त्यांचं सर्टिफिकेट.

नाही जमलं तर भटूनं, म्हणजे रुक्मिणीबाईंच्या भावानं, कापड मार्केटच्या गेटवर वॉचमनचं काम बघून ठेवलं होतं. ज्याच्या एका हाकेवर मिलचे फोरमन पळायचे, तो शेठांच्या गाड्यांना सलाम ठोकणार, हे बाईंना मेल्याहून मेल्यासारखं वाटे. पण नवऱ्याला तसं सांगितलं नाही. त्यांना प्रेमाचं बोलणं जमत नसे. शिव्या बऱ्या जमत.

सुकलालांनी मागितलं ते एवढंच, "इंजनात गोडं पाणी पाहिजे. बोअरचं नको, क्षार धरतं."

गोडं पाणी! टँकर दिवसाआड यायचा. दुखरा गुडघा घेऊन बाई दोन तास रांगेत उभ्या राहत, दोन हंडे भरत आणि ते झाकून देवासारखे जपत. पाहुण्यालाही अर्धाच पेला मिळे. त्यातलं रोज तांब्याभर वाफ करून उडवायचं? त्यांनी सरळ बोअरचं खारं पाणी तांब्यात भरून इंजनाशेजारी ठेवलं. उकळलं की सगळं पाणी सारखंच, असा त्यांचा हिशेब. एक दिवस नाही, महिनाभर. चाक फिरत होतं, मग बोलायचं काय?

ठरल्या दिवशी दोघं रिक्षानं उधन्याला गेली. इंजन बाईंच्या मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. क्लासमध्ये वीसेक शिकाऊ बाकांवर, ट्रस्टी समोर खुर्चीत. सुकलालांनी जाळ लावला. वाफ चढली, चाक फिरलं, आणि नळीतून पाणी वर चढताना पाहून रुक्मिणीबाईंनी पदराखाली हात जोडले. एक थेंब घमेल्यात पडला. दुसरा पडला. मग चाक अडखळलं. सुकलालांनी बोटानं ढकललं, एक फेरा मारून पुन्हा थांबलं. वाफ झडप उचलून फुसफुसायला लागली. त्यांनी जाळ विझवला.

"काका, मेहनत सारी छे," ट्रस्टी उठत गुजरातीत म्हणाले. "चा पीने जजो." मेहनत चांगली, चहा पिऊन जा; म्हणजे काम नाहीच.

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी वळून असं पाहिलं की हसणारा वहीत घुसला. पण चाक काही त्यांच्या धाकानं फिरलं नाही.

घरी आल्यावर सुकलालांनी वाफेची बारीक नळी खोलली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ठोकली. पांढरे खडे पडले.

"क्षार," ते म्हणाले.

बाईंना कबूल करायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "मग आधी धुवायचं नही का?"

"धूतच होतो. लिंबू पिळून. तू टँकरला गेली की दर वेळी. टाकीतला क्षार निघतो, पण नळीच्या आत लिंबू जात नही."

"म्हणजे तुम्हाले ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. खारं पाणी जिभेला कळत नही का?"

"अन् बोलले नही?"

"तुझा गुडघा," सुकलाल म्हणाले. "रांग किती लांब असते."

त्यांनी इंजन गोणपाटात बांधून फळीवर ढकललं आणि भटूला निरोप द्यायला जायचं म्हणून चप्पल शोधू लागले. चेहऱ्यावर कुणाचा राग नव्हता. तेच रुक्मिणीबाईंना सोसवेना. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"ऐका. पाणी मी बदललं, ते पाप माझं. पण इंजन मी नही बुडवलं, तुम्ही बुडवलं. एक दिवस, नुसता एक दिवस माझ्या अंगावर ओरडले असते, तर मी चार शिव्या दिल्या असत्या अन् गोडं पाणी भरलं असतं. ज्याले घरातल्या बायकोशी भांडता येत नही, तो गेटवर कोणाले अडवणार? जा, ठोका सलाम."