बुल्वेचं कूळ

माझा भाऊ मुबीरू म्हणजे एक नमुनाच. पोरीला मागणी घालायला आलेले पाहुणे अंगणात चटयांवर बसलेले, त्यांनी आणलेला बोकड खुंट्याला बांधलेला, आणि हा म्हणतो, "मुलगा चांगलाय. पण त्याचं पोट त्या खुन्यावर चालतं. नाही देत पोरगी!"

खुनी म्हणजे बुल्वे. आमच्या दलदलीतला, बुटाएवढ्या चोचीचा, पोराएवढा उंच पक्षी. मागणी घालणारा कसुज्जा गोऱ्या पाहुण्यांना होडीत बसवून तोच दाखवत फिरतो. आणि बुल्वे खातो मांबा मासा. मांबा आमचं देवक! आमच्या कुळात त्याला कुणी तोंड लावत नाही.

नवऱ्या मुलानं अशा वेळी बोलायचं नसतं. कसुज्जा बिचारा नुसता घामाघूम. दाराआड माझी भाची नांक्या मुसमुसत होती. माझा जीव तुटला.

"त्या पक्ष्याचं कूळ कोणतं ते सांगा," मुबीरू म्हणाला. "कुळानं माफी मागू दे, मग बघू."

पाहुण्यांच्या वतीनं बोलणारा म्हातारा खाकरला. "विद्वानांनी आधी त्याला करकोच्यांत बसवला. काही म्हणाले, बगळ्यांतला. हल्ली म्हणतात, पाणकोळ्यांचा भाऊबंद."

"म्हणजे मेल्याला घरच नाही!"

मला राहवेना. "दादा, आपलं देवक कोण खातं रे? माझा नवरा खातो. तीस वर्षं स्वतः रांधतो नि मिटक्या मारतो, मी चुलीजवळ फिरकत नाही. आपल्या मुली आपल्या कुळात देता येत नाहीत, मग जातात कुठे? मांबा खाणाऱ्यांकडेच ना! बरं, सकाळी बुल्वे दिसला की तुम्ही कोळी काय करता?"

"तोंड फिरवतो. तो दिसला की दिवसभर जाळ्यात काही लागत नाही."

"आणि जावई दिसला की सासू?"

अंगणात हशा पिकला. आमच्यात सासूनं जावयाचं तोंड पाहायचं नसतं. वहिनी तेव्हाही केळीआड पाठ करून बसली होती.

"विद्वानांना कळवा," मी म्हटलं, "बुल्वे आपला जावई आहे. कुणी समोर आलं की वाकून मान हलवतो, आणखी काय हवं?"

मुबीरूनं ओठ गच्च मिटले, पण पोट हललंच. बोकड ठेवून घेतला.

नांक्या सासरी गेली. आठवड्यानं मी भावाच्या होडीतून बाजाराला निघाले, तर लव्हाळ्यात बुल्वे उभा. मी तोंड फिरवलं. मुबीरूनं मात्र वल्हं थांबवलं. कसुज्जाशी तो अजून धड बोलला नव्हता.

"जावईबापू," तो पक्ष्याला हळूच म्हणाला, "पोरीला जपा हो."