खाली पळणारे आकडे

दुसऱ्या दिवशी मृण्मयीची हैदराबादला विमान कंपनीची परीक्षा होती. तीही खऱ्या विमानात नाही, विमानासारख्या खोक्यात. मागच्या वेळी ती तिथंच नापास झालेली. म्हणून आमच्या बीड बायपासच्या फ्लॅटमध्ये ती संगणकावर विमान चालवायचा सराव करत होती. खाली पाण्याचा टँकर आलेला, हे पाइप धरायला गेलेले. तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची वैमानिक मीच.

"आई, डावीकडची उभी पट्टी म्हणजे वेग. मधल्या चौकटीतला आकडा वाचायचा. ऐंशी झाले की 'ऐंशी' म्हण, एकशे तीसला 'उचल'. बास."

"आत्ताच तीस दाखवतंय की. आपण उभ्या आहोत ना?"

"तिसाच्या खालचं त्याला मोजताच येत नाही."

मी मान डोलावली. डोलवायला काय जातं!

विमान निघालं. चौकटीतले आकडे असे भराभर पालटायला लागले, की मी चौकट सोडून पट्टीकडंच बघत बसले. ती सरसर खाली चाललेली. साठ खाली गेलं, सत्तर गेलं, नव्वदही गेलं. आमच्याकडं दोन वर्षांत जे जे खाली गेलं ते संपलंच. बोअर काय, टाकी काय. मी ओरडले, "अगं, उतरतोय! वेग उतरतोय! थांब!"

तिनं करकचून ब्रेक लावला. विमान धावपट्टीवरच थांबलं.

"मोठे आकडे वरून येतात, आई. म्हणून पट्टी खाली सरकते."

"म्हणजे वाढलं की खाली?"

"हो."

"आणि घटलं की वर? कुणी केलंय गं हे?"

ती हसली नाही. "मला एकशे दहा स्वच्छ दिसत होते. तरी तुझं ऐकून थांबले. मागच्या वेळी परीक्षकानं मुद्दाम खोटा आकडा सांगितला, तेव्हाही अशीच ऐकून थांबले. उद्या पण हेच होणार."

सांगितलेलं ऐकणारी पोर म्हणून पाहुण्यांपुढं हिचं केवढं कौतुक केलेलं मी! आता तिच्याकडं बघवेना.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. "आता मी चुकीचंच सांगते. तू ऐकायचं नाही."

"तुला बरोबर तरी वाचता येतं का?"

"नाही ना. म्हणून तर सोपंय."

विमान सुटलं. "पन्नास! चाळीस! अगं, मागं चाललोय आपण! मृण्मयी, आईचं ऐक!" मी खोटं बोलत होते की चुकून खरं, माझं मलाच कळेना. तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. ओठातल्या ओठात 'ऐंशी' म्हणाली. मग स्वतःच "उचल" म्हणाली, आणि जमीन खाली राहिली.

माझा घसा बसलेला. बरंही वाटत होतं आणि कसंतरीही.

"थांबू आता?"

"नको, पुन्हा एकदा," ती म्हणाली. "अजून मला तू ऐकू येतेस."