किरमिजी ठिगळ

टेक्सासमधल्या त्या नदीकाठच्या गावातल्या बागेत फुलपाखरांच्या वार्षिक मोजणीचा नियम साधा होता: दोघांचं एकमत झाल्याशिवाय पाखरू मोजायचं नाही. निकानोर होता तोवर दुसरे डोळे त्याच्या बायकोचे, ओफेलियाचे. चौकडी कुठली, ठिगळ कुठलं, चंद्रकोर कुठली, या जाती ओळखायला तिला त्यानंच शिकवलं. एका लग्नात तर हा बाबा कोटासकट चिखलात पालथा पडला होता, का, तर पाखराच्या पंखांची खालची बाजू बघायची होती! काय दिवस होते ते.

यातलं किरमिजी ठिगळ मात्र त्याला या बागेत जन्मात दिसलं नाही. त्याच्या माघारी पहिल्याच मोजणीत ते नोंदवायचंच, असं ओफेलियाच्या मनानं घेतलं होतं.

आणि जोडीला आली चेलो, निकानोरची धाकटी बहीण. निकानोरला ओफेलियाच्या माहेरच्यांशेजारी पुरला म्हणून ही नणंद अंत्यविधीपासून बोलत नव्हती.

निळ्या फुलांवर एक काळं पाखरू पंख पसरून बसलं होतं. मागच्या पंखावर लाल डाग.

"चेलो, बघ! किरमिजी!"

"पट्टेरी ठिगळ असेल. ते रंग बदलतं, तुझ्या माहेरच्यांसारखं. पंख मिटू दे, खालची खूण दिसली की बोल."

पाखरू काही मिटेना. दोघी उन्हात ताटकळल्या. शेवटी चेलोनं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून पुढे केली.

"केवढी साखर गं ही!" ओफेलिया म्हणाली.

"दादाला लागायची. हात आपोआप जातो."

ओफेलियाचाही जायचा. ती सगळी प्यायली. तो गेल्यापासून इतकी गोड कॉफी तिला कुणी दिली नव्हती.

तेवढ्यात पंख मिटले. खालच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात सुटा लाल ठिपका, किरमिजीला नसतो तो. म्हणजे पट्टेरीच, सूर्यफुलांच्या झुडपांत ढिगानं सापडणारं. ओफेलियानं पेन्सिल खाली केली.

"किरमिजीच आहे," चेलो म्हणाली. "लिही."

ओफेलिया बघतच राहिली. राजम्यात मीठ किती, पोरांची नावं काय, एका गोष्टीवर या बाईनं कधी तिच्या होला हो म्हटलं नव्हतं.

"ठिपका दिसला नाही तुला?"

"दिसला. मोतीबिंदू काढलाय माझा."

"मग?"

"मग काय वहिनी. एवढंच तर हवं होतं त्याला."

ओफेलियानं वही मिटली. "वेडी आहेस. खोटं नोंदवलं तर थडग्यातून उठून भांडायला येईल तो."

"येऊ दे की," चेलो म्हणाली, आणि वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.