राणीसरकारचा ढेकर

वहिनी गेल्या होत्या जुना सोफा आणायला आणि घेऊन आल्या शेळी.

खरं म्हणजे दोन्ही घेऊन आल्या. सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं त्यांचं दुकान होतं. दुकानामागे अंगण, बाजूने वर गच्चीवर जाणारा लोखंडी जिना आणि जिन्याच्या मध्यावर त्यांच्या धाकट्या दिराची खोली. नवरा गेल्यापासून घरात ही दोनच माणसं. दीर जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. आता वहिनींचा टेम्पो चालवायचे आणि उरलेल्या वेळात कुरकुरायचे. ते त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळी गल्लीच वहिनी म्हणायची. त्या दिराला भावजी म्हणत, म्हणून गल्लीचेही ते भावजीच.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीतून सोफा न्यायचा होता. मालकाचा पुतण्या आणि भावजी सोफा टेम्पोत चढवत होते, तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधून खोकल्यासारखा आवाज आला. कुणी काही म्हणायच्या आत वहिनी आत शिरल्यासुद्धा.

आत एक पांढरी शेळी होती. पांढरी असावी, असं म्हणायचं, कारण अंगावर भुशाचे आणि शेणाचे थर चढले होते. तोकड्या दोरीने खांबाला बांधलेली, पुढचे गुडघे टेकून बसल्यासारखी. खूर वाढून वाढून जुन्या जोड्याच्या टोकासारखे वर वळले होते. दोरी गळ्यात रुतली होती. शेजारची बादली कोरडी ठणठणीत.

पुतण्या दारात येऊन सांगू लागला की काका आजारी पडल्यापासून तिच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. हवी तर न्या, नाहीतरी ती आज-उद्याचीच सोबती आहे.

"आज-उद्याचं काय ते मी बघते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कापडाची कात्री काढली. त्या कात्रीने कुणी कागद कापलेलाही त्यांना खपत नसे. त्याच कात्रीने त्यांनी ती दोरी कापली.

भावजींनी टेम्पोचं दार धरून ठेवलं. गाडीत सोफा येईल, शेळी येणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. वहिनींनी शेळी उचलून सोफ्यावर ठेवली आणि स्वतः तिला धरून बसल्या. रस्ताभर लोक वळून वळून बघत होते. सिग्नलला एक ट्रॅफिक हवालदार तर शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला.

"आल्या राणीसरकार पालखीतून," अंगणात गाडी लावता लावता भावजी फणकारले. तेच नाव पडलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शेळीची पापणी खाली ओढून पाहिली. आतला रंग फिक्कट. जंतांनी रक्त शोषलं होतं, अंगात उवा होत्या आणि गुडघ्यांवर रांगून रांगून पुढचे पाय आखडले होते. औषधं देऊन त्यांनी बजावलं की खूर एकदम छाटायचे नाहीत, रक्त येईल. थोडे थोडे छाटायचे. खायला फक्त वाळका चारा द्यायचा. उपाशी पोटाला एकदम लाड सोसत नाहीत. आणि ती रवंथ करते का, याकडे लक्ष ठेवायचं.

"चालेल का ही कधी?" वहिनींनी विचारलं.

"पाय सरळ ठेवता आले तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ते ठेवायचे कसे, हाच प्रश्न आहे."

वहिनींना याहून मोठं आमंत्रण नको होतं. फोम होता, रेक्झिन होतं, सोफ्याच्या पाठीतल्या लवचीक फळ्या होत्या. राणीसरकारच्या पायांची मापं घेतली गेली, जशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीची घेतात. दुसऱ्या दिवशी गडद लाल रेक्झिनचे, आतून मऊ फोम लावलेले पट्टे तिच्या पुढच्या पायांवर चढले. गल्लीतली माणसं बघायला आली. शेळीने मान वाकडी करून आधी पट्टे हुंगले आणि मग एकाची कड चावून पाहिली.

भावजींनी हात लावणार नाही असं जाहीर केलं होतं. पण पाणी बदलताना तेच दिसत, तिला पोटाखाली आधार देऊन उभी करतानाही तेच. विचारलं की म्हणत, "वहिनींची कंबर धरते ना, म्हणून." एका सकाळी ते जिन्यावरून ओरडतच खाली आले. राणीसरकारचा जबडा गोल गोल फिरत होता आणि तोंडात काही नव्हतं. रवंथ! वहिनी मशीन सोडून धावल्या. दोघंही पुढ्यात उकिडवे बसून ते चावणं बघत राहिले.

माया वाढली आणि तिथेच घोळ झाला. एका दुपारी वहिनी अंगणात आल्या तर शेळी मान टाकून कण्हत होती. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. भावजींचा चेहरा पडला. त्यांनी कबूल केलं, की तिची हाडं बघवेनात म्हणून आज पावाच्या लाद्या चारल्या, ती खातच गेली आणि आपण देतच गेलो.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की मी निघालेच आहे, तोवर तिचे पुढचे पाय उंचावर ठेवा, डावी कूस चोळत राहा, थांबू नका. दोघांनी तिला उचलून तिचे पुढचे पाय एका स्टुलावर टेकवले. वहिनींनी मान धरली. भावजी कूस चोळू लागले. घाम गळत होता आणि तोंडाने सारखं चाललं होतं, "चुकलो गं बाई, सोड वारा, सोड."

आणि राणीसरकारने ढेकर दिला. काय तो ढेकर! लांबलचक, आंबूस आणि थेट भावजींच्या तोंडावर. मागोमाग दुसरा, मग तिसरा. भावजी जमिनीवर फतकल मारून बसले आणि हसता हसता रडू लागले. वहिनींनाही हसू आवरेना. डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा फुगलेली कूस अर्धीअधिक उतरली होती. त्यांनी तपासून औषध पाजलं आणि भावजींना असं काही झापलं की त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर चाऱ्याचा कारभार वहिनींनी आपल्याकडे घेतला. खूर छाटत छाटत आकाराला आले. पट्टे आधी तासभर काढून ठेवले जाऊ लागले, मग अख्खी दुपार. ती भिंतीला अंग घासत उभी राही, दोन पावलं टाकी, कोलमडे, पुन्हा उठे. तिच्या प्रत्येक पावलाला खिडक्यांतून टाळ्या पडत.

मग एक दिवस ती गायब झाली. अंगणाचं फाटक सताड उघडं आणि जागा रिकामी. भावजी अनवाणीच रस्त्यावर पळाले. वहिनी दुकानात, टेम्पोखाली, फोमच्या गठ्ठ्यांमागे शोधून आल्या. तेवढ्यात समोरचा औषधवाला दुकानाबाहेर येऊन आकाशाकडे बोट दाखवू लागला.

"वहिनी, खाली काय शोधताय? वर बघा वर!"

गच्चीच्या कठड्याआड, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर, चारी पायांवर ताठ उभी राहून राणीसरकार गल्ली न्याहाळत होती. तोंडात भावजींचा वाळत घातलेला सदरा होता. पायांत पट्टे नव्हते. एवढा उभा लोखंडी जिना ती एकटी चढून गेली होती.

भावजी धापा टाकत परत आले, वर बघितलं आणि जागच्या जागी खिळले. "माझा सदरा," एवढंच ते म्हणाले. पण असं म्हणाले, की जणू पोरगी परीक्षेत पहिली आली होती.

तिला उतरवायला दोघं जिन्याकडे धावले, तर ती आपणहून ओट्यावरून उतरली आणि टक् टक् टक् करत पायऱ्या उतरू लागली. वाट द्यायला दोघं कठड्याला चिकटून उभे राहिले. ती मधून निघून गेली, अंगणात थांबली आणि तोंड वर करून जोरात ओरडली. एवढ्या दिवसांत तिचा असा खणखणीत आवाज कुणी ऐकला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई मुद्दाम बघायला आल्या. तिला चालवून पाहिलं, पाय दाबून पाहिले आणि म्हणाल्या की आता औषध नको, सोबत हवी. शेळी कळपातलं जनावर, एकटी झुरते. त्यांच्याकडे कालच एक काळी, लहानशी शेळी आली होती, एका डोळ्याने अधू, कुणीतरी दवाखान्याच्या दारात सोडून गेलं होतं.

वहिनींनी दिराकडे पाहिलं. घर हे काय धर्मशाळा आहे का, असं ते कुरकुरतील याची त्या वाट बघत होत्या.

"तिला पाव देणार नाही," भावजी म्हणाले आणि पायांत चपला सरकवू लागले.