बेचाळीस वेळा पार्किंगपर्यंत

लोकांना डायलिसिसच्या मशीनवर बसवायचं आणि वेळ झाली की उठवायचं, हे माझं काम. सहा वर्षं झाली. रक्ताचं काही वाटत नाही, अंगावर येणाऱ्या नातेवाइकांचंही वाटत नाही. पण सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या पाळीला खिडकीकडच्या तीन खुर्च्यांवर प्रवासाच्या ज्या गप्पा चालतात, त्यांनी माझे कान किटलेत. हाताला दोन-दोन सुया, चार तास जागचं हलायचं नाही, आणि तोंड मात्र जगभर फिरतंय.

पहिल्या खुर्चीवर हेडक्लार्क. नोकरीत असताना रजा काढून सगळीकडे जाऊन आलेले, आणि कुठलीच जागा पसंत न पडलेले. राजवाडा म्हणजे नुसत्या पायऱ्या. धबधबा फोटोत बरा. बर्फाचा डोंगर म्हणजे ओले मोजे. त्यांना मनापासून आवडलेली एकच गोष्ट, कुठल्याशा हॉटेलातली गादी. तिचं वर्णन मी किमान पन्नास वेळा ऐकलंय.

दुसऱ्या खुर्चीवर ड्रायव्हरकाका. तीस वर्षं टूरची बस चालवली. त्यांचं कौतुक तर विचारूच नका. रात्रभर गाडी हाणायची आणि लोक फिरायला गेले की बसमध्ये झोपायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे त्यांनी सगळं जग पार्किंगपुरतं बघितलंय, आणि मतं मात्र ठाम.

"तळ्याचं गाव एक नंबर," ते सांगायचे. "चार वाजेपर्यंत सावली, नळाला पाणी, हॉर्न मारून कुणी उठवत नाही."

"आणि तळं?" हेडक्लार्क विचारायचे.

"असणार ना. लोक ओले होऊन यायचे."

तिसऱ्या खुर्चीवर शिवणवाल्या मावशी. आयुष्य मशीनपुढे गेलं, आधी शिलाईच्या आणि आता माझ्या. कुठे म्हणून गेल्या नव्हत्या. मुलगा आणि सून मागे लागले, की शनिवार-रविवार जोडून आईला एकदा कुठेतरी नेऊन आणू. शुक्रवारी डायलिसिस करून निघायचं, सोमवारी परत खुर्चीवर. झालं. कुठे जायचं यावर दोन महिने माझ्या डोक्याला ताप. हेडक्लार्क प्रत्येक नावावर फुली मारायचे, काका प्रत्येक ठिकाणची सावली सांगायचे, आणि मी मधे सुया लावत असायची.

शेवटी काका म्हणाले, "ताई, माझं ऐका. लाइटहाउसला जा."

ही जागा आम्हाला पाठ होती. काका तिथे बेचाळीस वेळा गेले होते. टेकडीच्या अलीकडे पार्किंग, मग वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, आणि पलीकडे समुद्र. पायऱ्या ते एकदाही चढले नाहीत. रिटायर झाल्यावर सावकाश जाऊ म्हणाले, तर किडन्या गेल्या. तरी त्यांनी आशा सोडली नव्हती. सहा महिन्यांपूर्वी हृदयाचं निघालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लांबचा प्रवास बंद, चढण तर नावच काढू नका.

"उतरणाऱ्यांची तोंडं बघितलीत मी," काका मावशींना म्हणाले. "भांडत वर गेलेली माणसं गप्प होऊन खाली यायची. वर काय आहे ते बघा आणि मला येऊन सांगा. एवढंच काम करा माझं."

शुक्रवारी मावशी निघाल्या तेव्हा मी दारापर्यंत जाऊन दम भरला होता. "दिवसाला पाऊण लिटर. चहा, सूप, बर्फ सगळं धरून." या लोकांच्या पोटात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगातच साठतं आणि आमच्या मशीनलाच काढावं लागतं. मावशींनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

सोमवारी काका अर्धा तास आधी हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना मशीनवर घेतलं तरी डोळे दाराकडेच, दोनदा सुईचा हात हलवला म्हणून माझ्याकडून बोलणी खाल्ली. मग मावशी आल्या. नाक सोललेलं, चेहरा उन्हाने रापलेला.

"काय ताई, कसं होतं?"

"काही नाही हो भाऊ," मावशींनी पिशवी ठेवता ठेवता सांगून टाकलं. "उगीच गेलो. नुसती गर्दी. वर धुकं, समुद्र दिसलाच नाही धड. वारा असा की डोळ्यांत वाळू. चहा तर भांडी धुतल्यासारखा, एक घोट घेतला आणि ठेवून दिला. तुमचं काही चुकलं नाही, पार्किंगच बरं."

"मी म्हणालो होतो," हेडक्लार्क खूश झाले.

काकांनी मोकळ्या हाताने इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. प्रत्येकाचं एक ठरलेलं वजन असतं, त्याच्यावरचं सगळं पाणी. आल्या आल्या काट्यावर उभं करायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा, म्हणजे टेबलावरची सिस्टर तो लिहून घेते आणि चूक होत नाही. मावशींचं ठरलेलं वजन अठ्ठावन्न. ते मला माहीत, त्यांना माहीत, आणि शेजारच्या खुर्च्यांनाही माहीत. या तिघांना एकमेकांची वजनं स्वतःच्या फोन नंबरापेक्षा जास्त पाठ आहेत.

मावशी काट्यावर चढल्या आणि माझा हात धरून पुटपुटल्या, "हळू सांगा हो."

मी आकडा बघितला आणि माझी तार सटकली. एवढं घसा कोरडा करून सांगायचं आणि यांनी असं करायचं. नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत मी ओरडले, "एकसष्ट किलो सहाशे."

हेडक्लार्कांनी जन्मभराच्या सवयीने वजाबाकी केली. "तीन किलो सहाशे. एका घोटात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशींनी मान खाली घातली होती. ज्या माणसाला आता कधीच जाता येणार नाही, त्याच्यासाठी या बाईने गाडीत बसून सगळं धुकं, वाळू आणि गर्दी जमवून आणली होती, आणि मी काट्यावर तिचं पितळ उघडं पाडलं. मला माझीच लाज वाटली. लाज वाटली की मला जास्तच चीड येते, म्हणून मी सुया जरा आपटूनच ट्रेमध्ये ठेवल्या.

"तुम्हीसुद्धा ना, ताई," काका मावशींना म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना इतकं वैतागलेलं कधी बघितलं नव्हतं. "घरी हेच चाललंय. पोरगा लग्नाला जाऊन आला, जेवण बेकार. सून माहेरी जाऊन आली, नुसता कंटाळा. बहीण डोंगरावर जाऊन आली, म्हणे बघण्यासारखं काही नाही. सहा महिने झाले, जगात एक चांगली जागा उरली नाही. मला काय कळत नाही? मला जाता येत नाही, ते झालंय माझं पचवून. निदान ऐकू तरी द्या की. तुम्ही तरी खरं सांगाल म्हणून तुम्हाला पाठवलं."

मावशी खुर्चीवर बसल्या. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलणी मला ऐकवली आणि मावशींना पाच तास लावायला सांगितले. मशीन सुरू झालं तशी मावशी हळूच म्हणाल्या, "सहा कप चहा प्याले मी. आणि दोन आइस्क्रीम. उठवतच नव्हतं तिथून."

मग त्या बोलत सुटल्या. शंभराच्या वर पायऱ्या, मधे तीन वेळा बसल्या, मुलाने पाठीला हात लावून चढवलं. वर गेल्यावर एकदम वारा, आणि खाली इकडून तिकडे पाणीच पाणी. "मला पाण्याचं इतकं भ्या घातलंय ना यांनी," मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "की एवढं पाणी बघून मी रडलेच." काका मधे मधे विचारत होते. कठडा आहे का? लाइटहाउसचा रंग कुठला? लोक गप्प का होतात? हेडक्लार्कांनी एकदाही नाक मुरडलं नाही, हा आमच्या खोलीतला चमत्कारच.

काकांचे चार तास संपले. सुया काढल्या, पट्टी लावली, ब्लड प्रेशर बघितलं. हे उठायला तयार नाहीत. त्यांच्या खुर्चीचा पुढचा पेशंट बाहेर ताटकळलेला, त्याची बायको दर दोन मिनिटांनी दारातून डोकावतेय. मी म्हटलं, "काका, मला खुर्ची पुसायचीय." तर त्यांनी माझंच स्टूल ओढलं आणि मावशींच्या उशाशी जाऊन बसले. हात टेकले मी.

"ताई, एक राहिलं," ते म्हणाले. "वरून पार्किंग दिसतं का?"

"दिसतं की. आगपेटीएवढं. एकच बस उभी होती, झाडाखाली."

"ड्रायव्हर होता?"

"झोपला होता. खिडकीतून पाय बाहेर काढून."

"पाय बाहेर?"

"दोन्ही. वरून तेवढेच दिसत होते."

काकांनी पट्टी लावलेला हात डोळ्यांवर धरला. दारातली बाई पुन्हा डोकावली. मी तिला खेकसूनच सांगितलं, अजून दहा मिनिटं लागतील.