पुसलेली लाली

पाळण्यात होती तेव्हापासून तिचे गाल लाल. नर्सबाई म्हणाल्या होत्या, जाईल आपोआप. कशाचं जातंय. ऊन लागलं की लाल, गरम चहा घेतला की लाल, कुणी चारचौघांत नुसती हाक मारली तरी कानापर्यंत लालबुंद. बघणाऱ्याला वाटायचं, ही आत्ताच कुणाशी तरी कडाकडा भांडून आलीय. भांडण तर तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. घरात तिचं नाव पडलं लाली, आणि खरं नाव कागदोपत्रीच राहिलं.

आता असल्या तोंडाच्या मुलीला नोकरी मिळाली कुठे, तर मोठ्या दुकानात तळमजल्यावर, सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर. हसू नका, तिथेच तर तिचं नशीब उघडलं. सकाळी ती डाव्या अर्ध्या चेहऱ्यावर हिरवट क्रीमचे ठिपके द्यायची, कारण लालावर हिरवा बसला की दोन्ही एकमेकांना खातात. मग वरून त्वचेच्या रंगाचा पातळ हात, ओल्या स्पंजने थापून. उजवा अर्धा तसाच सोडायचा. गिऱ्हाइकं चालता चालता थबकायची. एकाच बाईची एक बाजू परीटघडीची आणि दुसरी तापलेल्या तव्यासारखी. मग ती त्यांना समजावून सांगायची : कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, उन्हाचं क्रीम ढग असले तरी. आणि पुसताना घासायचं म्हणून नाही. कापूस टेकवायचा, थांबायचं, उचलायचा. लाल त्वचा घासली की चिडते, हे ती दिवसभरात इतक्यांदा बोलायची की घरी झोपेतही पुटपुटत असेल.

घरी ती आणि आई, दोघीच. आईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. सख्खी बहीण विसरली, गॅस कसा बंद करायचा ते विसरली, न्हाणीघराचा रस्ता विसरली. लालीला मात्र ती विसरली नव्हती. संध्याकाळी दार उघडलं की आई मान वर करायची, त्या लाल गालाकडे बघायची आणि म्हणायची, "आलीस होय." एवढ्या दोन शब्दांवर लालीचा दिवस निघायचा. अर्धा चेहरा रंगवलेला असला तर ती आईच्या अशा बाजूला बसायची की लाल गालच दिसावा.

पुढे मॅनेजरबाईंनी तिला काउंटरची प्रमुख केलं. आता अर्धा चेहरा बरा दिसत नाही, पूर्ण करत जा, म्हणाल्या. तिनं केला. त्या दिवशी आनंदाच्या भरात तशीच घरी आली. आईने मान वर केली, नीट बघितलं, पदर सावरला आणि विचारलं, "कोण हो तुम्ही?"

लाली धावत बेसिनपाशी गेली, मिळेल त्या कापसाने खसाखसा तोंड पुसलं आणि परत येऊन उभी राहिली. "आलीस होय," आई म्हणाली. लालीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून तिनं नियमच केला, आधी बेसिन, मग आई. पण आईला भेटायची घाई, त्यामुळे टेकवणं, थांबणं, उचलणं गेलं उडत. जगाला शहाणपण शिकवणारी ही बया स्वतःच्या तोंडावर भांडी घासल्यासारखी तुटून पडायची.

आणि मग एका संध्याकाळी कापूस लाल आला.

रक्त नव्हतं. आग नाही, चुरचुर नाही, कापसाला वासही नाही. नुसता लाल रंग, तिच्या गालाचा होता तोच. आरशात बघते तर नाकाच्या कडेला, जिथे घासलं होतं तिथे, कातडी शांत आणि एकसारखी. तिने पुन्हा घासलं. आणखी थोडा लाल निघाला. आता खरं सांगा, जन्मभर जिला टोमॅटो म्हणून चिडवलं, ती तिथे थांबली असती? ती रोज थोडं थोडं पुसत गेली आणि ते बोळे कचऱ्यात टाकत गेली. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघून आपणच लावायला दिलेल्या जेलचं कौतुक करून घेतलं. कापसाचं तिने काही सांगितलं नाही.

आई मात्र तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायला लागली होती. आधी क्षणभर, मग घोटभर पाणी पिऊन होईल इतका वेळ. लालीला ते कळत होतं. कळून तिने कानाडोळा केला. हनुवटीचं टोक तेवढं राहिलंय, मग बास, असं ती स्वतःला सांगायची.

हनुवटी साफ झाली त्या संध्याकाळी आईने ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग लाली घाबरली. गालाला चिमटे काढले, वाफ घेतली, कढत चहा प्याली, उन्हात उभी राहिली. गाल ढिम्म. शेवटी तिने काउंटरवरून गालाचा रंग आणला आणि ज्या हाताने आयुष्यभर लाली झाकली त्याच हाताने ती पुन्हा काढायला बसली. काम इतकं सुरेख झालं की तिलाच क्षणभर हायसं वाटलं. आईने बोट लावून बघितलं. बोटाला रंग आला तसा तिने तो साडीला पुसला. "छान रंगवलंय हो तुम्ही," ती परक्या बाईशी बोलावं तशी बोलली. "आमच्या लालीला नाही लागत असलं काही. दुपारीच येऊन गेली ती."

लाली त्या रात्री पोटभर रडली. आईचं डोकं आता पारच गेलं, असं तिने गृहीत धरलं. पण सकाळी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. दुपारी आईला जेवू घालायचं काम त्यांच्याकडे होतं. काकू म्हणाल्या, हल्ली तूच दुपारी येतेस ते बरं करतेस, माझीही धावपळ वाचते. मग तिच्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "पण आज बरं नाही का गं? तोंड किती पांढरं पडलंय. काल दुपारी तर लालबुंद होतीस."

काउंटरवर लालीचं लक्ष लागेना. दुपारी ती डोकं दुखतंय असं सांगून निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आईचं हसू ऐकू आलं. असं हसू या घरात कित्येक दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात आईच्या पायाशी ती बसली होती. लालीचाच घरातला गाऊन, लालीचीच वेणी, आणि लालीने जिथून जिथून पुसलं होतं तिथे तिथे, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटीचं टोक लालबुंद. आईचं पाऊल मांडीवर घेऊन ती नखं कापत होती, न घाई करता. नख कापून झालं की बोटावर फुंकर घालायची, आई गुदगुल्यांनी हसायची. लाली रोज संध्याकाळी हेच काम घड्याळाकडे बघत उरकायची.

ओरडावं, हाताला धरून तिला बाहेर काढावं असं लालीला वाटत होतं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई, मी आहे गं," ती कशीबशी म्हणाली.

आईने वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती, दारात आलेल्या माणसाबद्दल असते तेवढी माया होती. "लाली, त्या बाईंना पाणी दे गं," ती म्हणाली. "दमून आलेल्या दिसतायत."

ती लाल गालांची उठली. पाणी घेऊन समोर आली तेव्हा तिच्या गालांची धग लालीला हातभर अंतरावरून जाणवली. लालीने पेला घेतला, पाणी प्यायलं, रिकामा पेला परत दिला. आईचं लक्ष पुन्हा आपल्या बोटांकडे गेलं होतं.

"येते मी," लाली म्हणाली.

ती लाल तोंडाची दारापर्यंत पोचवायला आली. बोलणं मऊ होतं, मनापासूनचं होतं.

"येत जा अधूनमधून," ती म्हणाली. "आईला माणसं आवडतात."