सात नंबरवर काही नाही

खड्डेकाका गोळीबाराच्या मैदानावर सव्वीस वर्षं नोकरीला होते आणि सव्वीस वर्षांत त्यांनी गोळी झाडणारा माणूस कामाच्या वेळात एकदाही पाहिला नव्हता. त्यांची जागा दुसऱ्या टोकाला होती. हजार मीटरवर, निशाणांच्या खाली, काँक्रीटच्या खंदकात. डोक्यावरून गोळी जायची, वरच्या कागदाला भोक पडायचं. काका साखळी ओढून निशाण खाली घ्यायचे, भोकात रंगीत चकती खोचायचे, जुन्या भोकाला ठिगळ लावायचे आणि निशाण परत वर पाठवायचे. नेमबाजाला दुर्बिणीतून दिसायची ती चकती. म्हणजे जगातल्या सगळ्या नेमबाजीचा शेवटचा शब्द खड्ड्यात बसलेल्या माणसाचा होता, आणि त्याला पगारवाढ मात्र वरच्यांच्या आधी कधी मिळाली नव्हती.

रायफली त्यांना कानाने कळत. शिकाऱ्याची हलकी, डोंगर चढताना खांद्याला झेपेल अशी. तिसऱ्या गोळीला तिची नळी तापायची आणि भोकं कागदभर फिरायला निघायची. पोलिसांची जाड नळीची; तिची पहिलीच गोळी जागेवर लागायची, कारण ओलिसाच्या डोक्याशेजारी दुसरी संधी नसते. तिसरी अवजड, दोन माणसांनी उचलायची. न फुटलेले तोफगोळे लांबूनच फोडायला ती वापरत. सरावाला ती आली की कागदाला भोक पडत नसे, खिडकी पडे. चौथी स्पर्धेची. लांब, वजनदार, एका वेळी एकच बारीक गोळी. हिचा उपयोग कागदाला भोक पाडणे, बस्स.

काकूंचं म्हणणं असं, की कागदाला भोक पाडायला पंचिंग मशीन मिळतं आणि त्याला परवाना लागत नाही. काका म्हणत, म्हणूनच पोरीला चौथी घेऊन दिली. बाकीच्यांचा उपयोग कुणी विचारला तर दुसऱ्या वाक्याला मान खाली घालावी लागते.

पोरगी त्यांची एकुलती एक. मैदानावर तिला सगळे ‘उद्या’ म्हणत, कारण तिने नेम धरला की गोळी उद्याच सुटेल असं वाटे. मान खाली घालायची, श्वास सोडायची, वारा बघायची, पुन्हा डोळा लावायची. लहानपणी जेवायला बोलावल्यावरही ती एवढाच वेळ घ्यायची.

संघनिवडीचा दिवस उजाडला. चार जागांपैकी तीन भरल्या होत्या. चौथीसाठी लेक आणि एक पोलीस हवालदार अशी चुरस होती. कुणी कुठल्या निशाणावर बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरे आणि खंदकात नावं कळवत नसत. नियमावलीत चष्मा, दाढी, बुटांच्या टाचा या सगळ्यांवर कलमं होती. मार्करच्या, म्हणजे खंदकात बसून भोकं दाखवणाऱ्याच्या, मुलीवर नव्हतं, कारण मार्करला मुलगी असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकांच्या वाट्याला सात नंबर आला. दुसऱ्या गोळीलाच त्यांना कळलं. एवढा वेळ लावणारं माणूस त्यांच्या घरात एकच होतं.

पंधरातल्या चौदा गोळ्या झाल्या. शेजारच्या आठ नंबरवर हवालदाराची जाड भोकं पडत होती. तिथला मार्कर ठिगळ्या, बोटांनी हिशेब करण्यात पटाईत, हळूच म्हणाला की शेवटची गोळी आठ गुणांच्या वर्तुळात आली तरी जागा पोरीची. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ठिगळाच्या डिंकाऐवजी चहात बोट बुडवलं.

हवालदाराची शेवटची गोळी आली. नऊ. मग बराच वेळ काहीच नाही. मग डोक्यावर चाबूक वाजला आणि मागाहून, लांब कुणी दार लोटल्यासारखा, रायफलीचा धप्प.

काकांनी निशाण खाली घेतलं. नवं भोक नव्हतं. त्यांनी कागदावरून तळहात फिरवला, चष्मा पुसला, मागची बाजू पाहिली. ठिगळ्याने आपलं निशाण खाली घेतलं आणि काकांकडे वळवलं. हवालदाराच्या जाड भोकाशेजारी एक बारीक भोक होतं. दहाच्या बरोबर मधोमध.

नियम सरळ होता. शेजाऱ्याच्या निशाणावर लागलेली गोळी शून्य.

“काका,” ठिगळ्या म्हणाला, “दहाच मारलाय पोरीने. फक्त शेजारच्या घरात. मी माझ्याकडचं बुजवतो. तुमच्याकडे मापाची काडी आहे.”

भोक रेघेला शिवतंय का ते बघायची ती पितळी काडी काकांच्या हातातच होती. जाडी नेमकी पोरीच्या गोळीएवढी. कागदात टोचायला अर्धा सेकंद लागला असता, आणि दहा तर तिने खरंच मारला होता. काकांनी काडी कागदाला टेकवली. आठच्या वर्तुळात, फार हाव नको म्हणून. मग नऊच्या. एकदा अवजड रायफलीच्या दिवशी एका साहेबांनी फोनवर भोक दोन बोटं आत सरकवायला सांगितलं होतं, तेव्हा काका म्हणाले होते की साहेब, भोक सरकत नाही. त्या दिवशी हे बोलणं किती सोपं गेलं होतं.

फोन वाजला. पंच विचारत होते, सात नंबर, काय आलं?

काकांनी काडी खिशात टाकली.

“सात नंबरवर काही नाही.”

पलीकडे पंचांचं पेन कागदावर फिरलं. “हो. गोळी सुटली आणि तिला दुर्बिणीत आठचा आकडा दिसला. तुमच्या आधी तिनेच उठून सांगितलं.”

काकांना खाली बसावंसं वाटलं, पण ते बसलेलेच होते.

लाल झेंडा उतरल्यावर लेक हजार मीटर चालत खंदकात उतरली. डोळे कोरडे होते, नाक लाल. ती पहिल्यांदाच इकडे आली होती. ठिगळ्याने आठ नंबर तिच्यासमोर धरला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“वाऱ्याची वाट बघत बसले, बाबा. मान वर केली तेव्हा कुठे होते तेच विसरले.”

“जेवताना पण शेजारच्या ताटात हात घालायचीस.”

ती हसायच्या बेतात होती, तेवढ्यात भोंगा झाला. पुढची तुकडी बसली होती. आता अर्धा तास कुणालाच वर जाता येणार नव्हतं. पहिली गोळी डोक्यावरून गेली तशी ती जमिनीवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी काकांची बाही धरली.

“हे असं असतं इकडे?”

“असंच.”

“माझी पण?”

“तुझी पण.”

दुसरी गेली, तिसरी गेली. तिने डोळे मिटून घेतले होते. ही कुठली, तिने विचारलं. शिकाऱ्याची, काका म्हणाले. आणि ही? पोलिसांची. तिला काही फरक कळला नाही. पहिल्या वर्षी मलाही कळायचा नाही, काका म्हणाले, आणि बाही तिच्या हातात तशीच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने साखळी ओढली.